'खेळ' : नाम की क्रियापद?



मागच्या आठवड्यात आपण इंग्रजीतली कॅपिटल अक्षरं कुठं लिहायची ते पाहिलं. आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. बाईंची चूक म्हटल्यावर कसे सगळे सरसावून बसलात! बसा, बसा. आजचा धडा त्या चुकीतूनच निघणार आहे.

गोष्ट मागच्या वर्षीची. पाचवीची घटक चाचणी होती. इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न होता, 'पुढील वाक्यांतील नामे अधोरेखित करा.' पहिलंच वाक्य होतं, 'द चिल्ड्रेन वॉच्ड द प्ले.' पेपर मीच काढलेला आणि रात्री जेवणं उरकल्यावर तपासायलाही मीच बसले. एका मुलीनं दोन शब्दांखाली रेघ मारली होती, 'चिल्ड्रेन' आणि 'प्ले'. मी 'चिल्ड्रेन'ला बरोबरची खूण केली आणि 'प्ले'वर लाल फुली मारली. रन, ईट, स्लीप, प्ले ही क्रियापदं मी जूनपासून फळ्यावर लिहून वर्गाकडून पाठ करून घेतलेली. त्यामुळं 'प्ले' दिसलं की 'क्रियापद' हे उत्तर माझ्या तोंडातच असायचं.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. ती उभी राहिली.

"बाई, 'मुलांनी खेळ पाहिला' यातलं 'खेळ' नाम आहे ना? मराठीच्या तासाला तुम्हीच सांगितलंत."

"ते मराठीत. इंग्रजीत 'प्ले' म्हणजे खेळणे. क्रियापद. बस खाली."

ती बसली. मीही पुढच्या धड्याकडे वळले. पण संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ते वाक्य पुन्हा आठवलं आणि लाटणं हातातच राहिलं. 'द प्ले'! शब्दाआधी चक्क 'द' बसलेला आहे. मुलांनी काय पाहिलं? तर खेळ पाहिला, नाटक पाहिलं. ते नाम नाही तर काय? म्हणजे ती बरोबर होती आणि मी चूक.

सकाळी शाळेत गेल्या गेल्या तिचा पेपर मागितला, गुण वाढवून देण्यासाठी. पेपर पाहिला आणि मला कसंसंच झालं. घरून पालकांची सही घेऊन आणायची होती ना? सही घेण्याआधी तिनं 'प्ले'खालची रेघ खोडरबरानं खोडून टाकली होती. इतकी जोर लावून, की तिथं कागद पातळ झाला होता. बरोबर उत्तर तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं, बाई म्हणाल्या म्हणून.

वर्गासमोर मी माझी चूक सांगितली, तिचा एक गुण वाढवला आणि त्या दिवशी ठरवून टाकलं, की नाम कसं ओळखायचं ते आता पहिल्यापासून नीट शिकवायचं. तेच आज तुम्हांला सांगते.

मी शाळेत होते तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. आम्हांला पाचवीत सगळ्यांत आधी एक व्याख्या घोकायला लावली होती, 'अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग.' माणसाचं, ठिकाणाचं किंवा वस्तूचं नाव म्हणजे नाम. तुम्हीही पाठ केली असेल. व्याख्या खोटी नाही. राम, पुणे, टेबल यांना ती चपखल बसते. पण 'लाफ' म्हणजे हसू, ही वस्तू आहे का? 'ड्रीम' म्हणजे स्वप्न, ते कपाटात ठेवता येतं का? नाही ना? तरी ती नामं आहेतच. व्याख्या तोकडी पडते ती इथं.

आणि एक गंमत सांगू? 'नाउन' हा शब्द लॅटिन भाषेतल्या 'नोमेन' या शब्दावरून आला आहे. 'नोमेन' म्हणजे नाव. आपला 'नाम' हा शब्द संस्कृतातला. लॅटिन आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या बहिणी, त्यामुळं 'नोमेन', 'नाम' आणि इंग्रजीतला साधा 'नेम' हे तिन्ही शब्द एकमेकांचे नातेवाईक निघतात. तेव्हा नाउन हा कुणी परका पाहुणा आहे असं समजून घाबरू नका.

आता मूळ मुद्दा. एखादा शब्द नुसता समोर धरून 'हे नाम आहे का?' असं विचारायचंच नाही. शब्द वाक्यात काय काम करतोय ते विचारायचं. तुमचे बाबा घरी बाबा असतात, आजीसमोर मुलगा असतात आणि शाळेत पालकसभेला आले की पालक असतात. माणूस एकच, पण कुठं उभा आहे त्यावर त्याला काय म्हणायचं ते ठरतं. 'प्ले'चं तसंच आहे. 'वुई प्ले' म्हटलं की आम्ही खेळतो, इथं ते क्रियापद. 'वुई सॉ अ प्ले' म्हटलं की आम्ही नाटक पाहिलं, इथं ते नाम.

आणि हे तुम्हांला नवीन नाहीच! त्या मुलीनं अचूक बोट ठेवलं होतं. मराठीत बघा. 'तू खेळ' आणि 'हा खेळ'. 'तू नाच' आणि 'तुझा नाच'. 'मोठ्यानं बोल' आणि 'त्याचे बोल'. 'हळू चाल' आणि 'हत्तीची चाल'. अक्षर न् अक्षर तेच, पण पहिल्यांदा क्रियापद, दुसऱ्यांदा नाम. तुम्ही हे न शिकता, न अडखळता रोज बोलता. फक्त मराठीत असे शब्द मोजके. एरवी आपण शब्दाला शेपूट लावतो आणि त्या शेपटीवरून कळतं. 'खेळतो', 'खेळला', 'खेळेन' यांना नाम म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

मग इंग्रजीत इतके जुळे शब्द का? कारण इंग्रजीच्या शेपट्या झिजून गेल्या! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेम म्हणजे 'लुव्हू' होतं आणि प्रेम करणं म्हणजे 'लुव्हिअन'. दोन्ही वेगळे दिसत, वेगळे ऐकू येत. पुढं १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या सरदारानं, विल्यमनं, इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच भाषा आली आणि इंग्रजी राहिली साध्या माणसांच्या तोंडी. शेपट्या झिजायला आधीच सुरुवात झाली होती, पुढच्या चार-पाचशे वर्षांत बहुतेक सगळ्या गळून पडल्या. 'लुव्हू'चं झालं 'लव्ह' आणि 'लुव्हिअन'चंही झालं 'लव्ह'. जुने शिक्के वापरून वापरून गुळगुळीत होतात आणि कुठला कोणता कळेनासा होतो, तसंच हे. मग इंग्रजी बोलणाऱ्यांनी काय केलं? शब्द कुठं बसलाय त्यावरून ओळखायला सुरुवात केली. आपणही तेच करायचं.

त्यासाठी माझ्या वर्गात आम्ही दोन शब्द वापरतो, 'माय' आणि 'कॅन'. ज्या शब्दाबद्दल शंका आहे त्याच्या आधी, त्याच वाक्यात, अर्थ न मोडता 'माय' बसतं का बघा. बसलं तर नाम. 'कॅन' बसलं तर क्रियापद. 'आय हॅड अ ड्रीम' या वाक्यात 'अ' काढून 'माय' घाला. 'आय हॅड माय ड्रीम'. थोडं विचित्र वाटेल, पण वाक्य उभं राहतं. आता 'आय हॅड कॅन ड्रीम' म्हणून बघा. कोसळलं! म्हणजे इथं 'ड्रीम' नाम आहे. उलट 'बर्ड्स ड्रीम' या वाक्यात 'बर्ड्स कॅन ड्रीम' छान बसतं. तिथं ते क्रियापद. पक्ष्यांना स्वप्नं पडतात का, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला विचारा.

'द', 'अ', 'धिस', 'हिज' हे शब्दही 'माय'च्याच कामाचे. ते दिसले की मागून नाम येतंय असं समजावं. पण उतावीळपणा नको. 'द' दिसला की त्याला चिकटलेलाच शब्द नाम असं नाही. 'द लाँग फनी प्ले' यात 'द'च्या पाठीमागं 'लाँग' आहे, 'फनी' आहे. हे दोघं विशेषणं. वऱ्हाडी पुढं चालतात आणि नवरदेव सगळ्यात मागून येतो ना, तसं. मधली मंडळी जाऊ द्या आणि शेवटच्याला पकडा.

कधी कधी वऱ्हाडीसुद्धा नामच असतो. 'रेस हॉर्स' आणि 'हॉर्स रेस' हे दोन शब्दसमूह बघा. 'रेस हॉर्स' हा घोडा आहे, शर्यतीचा. 'हॉर्स रेस' ही शर्यत आहे, घोड्यांची. शेवटचा शब्द मालक, आधीचा त्याची माहिती सांगणारा. मराठीतही 'घरजावई' हा जावईच असतो, घर नसतो!

आता 'एस' या अक्षराबद्दल. पुष्कळ मुलांना वाटतं, शेवटी 'एस' दिसलं की अनेकवचन, म्हणजे ते नाम. इथंच फसगत होते. 'द बॉय प्लेज' यात 'प्लेज'ला 'एस' आहे, पण ते क्रियापद आहे आणि मुलगा एकच आहे. 'द बॉइज प्ले' यात मुलगे पुष्कळ आहेत, म्हणून 'एस' मुलांकडे गेला आणि क्रियापदाचा सुटला. दोघांत मिळून एकच छत्री असावी तसं हे. नामानं घेतली की क्रियापद भिजतं, क्रियापदानं घेतली की नाम भिजतं. 'चिल्ड्रेन'सारखे काही शब्द 'एस' न घेताच अनेकवचनी होतात, आणि भूतकाळात क्रियापदाला हा 'एस' लागतच नाही, एवढं ध्यानात ठेवा. बाकी छत्रीचा नियम तुम्हांला पेपरात फार उपयोगी पडेल.

या जुळ्या शब्दांची खरी मजा घरात सापडते. शरीरच घ्या. मी वर्गात रोज म्हणते, 'फेस द बोर्ड.' फेस म्हणजे चेहरा. पण इथं अर्थ होतो फळ्याकडे तोंड करा. 'हँड मी द चॉक', खडू दे. 'शी हेड्स द स्कूल', ती शाळेची प्रमुख आहे. 'ही एल्बोड मी', त्यानं मला कोपरानं ढकललं. अख्खं शरीर कामाला लागलंय! आणि आपली मराठी तरी काय कमी आहे? हातावरून 'हाताळणे', डोक्यावरून 'डोकावणे', लाथेवरून 'लाथाडणे', खुणेवरून 'खुणावणे'. आपण नामाला शेपूट लावून क्रियापद करतो. इंग्रजी ती तसदीच घेत नाही.

एक जोडी तर मला फार आवडते. 'वॉटर' म्हणजे पाणी. 'माय आइज वॉटर्ड' म्हणजे माझे डोळे पाणावले. पाणी, पाणावणे. वॉटर, वॉटर्ड. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली.

पण अर्थ मात्र संदर्भावरूनच लावायचा बरं का! 'मिल्क द काउ' म्हणजे गाईचं दूध काढ. 'वॉटर द काउ' म्हणजे गाईला पाणी पाज. वाक्याची बांधणी हुबेहूब सारखी, पण एकात गाईकडून घ्यायचं आहे आणि दुसऱ्यात गाईला द्यायचं आहे. शब्दकोश पाठ करून हे येणार नाही. गोठ्यात गेलेल्या मुलाला पटकन येईल.

याच ठिकाणी आपण मराठी माणसं हमखास घसरतो. आपल्याला बाहेरून आलेल्या नामाचं क्रियापद करायचं असलं की आपण 'कर' जोडतो. फोन कर, मेसेज कर, गूगल कर. तोच 'कर' आपण इंग्रजीत ओढून नेतो आणि म्हणतो, 'आय विल डू फोन टू यू.' ऐकणारा बिचारा समजून घेतो, पण इंग्रजी तसं बोलत नाही. 'आय विल फोन यू.' झालं! 'डू' नको, 'टू' नको. नाम होतं, जागा बदलली, क्रियापद झालं. 'कुलूप लाव' म्हणायला 'लॉक द डोअर'. 'इस्त्री कर' म्हणायला 'आयर्न द शर्ट'. 'लाव' आणि 'कर' यांचं इंग्रजी शोधत बसायचं नाही.

अशी भर आजही पडते आहे. गूगल हे १९९८ साली स्थापन झालेल्या एका कंपनीचं नाव, म्हणजे अगदी विशेषनाम. पण लोक 'गूगल इट' असं इतकं म्हणू लागले, की २००६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशानं ते क्रियापद म्हणून नोंदवून घेतलं.

आतापर्यंत आपण डोळ्यांनी ओळखलं. काही जुळी मात्र कानांनी ओळखायची असतात. 'रेकॉर्ड' हा शब्द आपण सगळीकडे एकसारखाच म्हणतो. इंग्रजीत नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, 'रे'वर. क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर, 'कॉर्ड'वर, आणि 'रे'चा होतो 'रि'. 'प्रेझंट' म्हणजे भेटवस्तू, जोर आधी. 'प्रिझेंट' म्हणजे सादर करणं, जोर नंतर. 'पर्मिट', 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट' यांचंही असंच. सगळ्याच जुळ्यांना हा नियम लागत नाही. 'आन्सर' आणि 'प्रॉमिस' नाम असोत की क्रियापद, सारखेच उच्चारतात.

आणखी एक बारकावा. 'यूज' असा आपण सरसकट उच्चार करतो. पण उपयोग या अर्थाचं नाम आहे 'यूस', शेवटी 'स'. वापरणे हे क्रियापद आहे 'यूझ', शेवटी 'झाड'मधला 'झ'. स्पेलिंग दोन्हींचं एकच! 'हाउस' म्हणजे घर, 'हाउझ' म्हणजे राहायला जागा देणं, तिथंही स्पेलिंग तेच. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला आणि 'ॲडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणं, इथं मात्र स्पेलिंगही बदलतं. नामात 'सी', क्रियापदात 'एस'. नामात 'स', क्रियापदात 'झ', असं दोन-चार वेळा मोठ्यानं म्हणा. घरात कुणी हसलं तर हसू द्या.

हुश्श! आता जुळी संपली. सगळीच नामं काही जुळी नसतात. काही शब्दांना इंग्रजीतही शेपूट लावूनच नाम करावं लागतं, आणि या शेपट्या तुमच्या ओळखीच्या निघतील. मराठीत आपण 'मोठा'ला 'पणा' लावून 'मोठेपणा' करतो, 'गरीब'चं 'गरिबी', 'माणूस'चं 'माणुसकी', 'बाल'चं 'बालपण'. भाववाचक नामं म्हणून तुम्ही ती शिकला आहात. इंग्रजीत 'डार्क'चं 'डार्कनेस', 'पे'चं 'पेमेंट', 'एज्युकेट'चं 'एज्युकेशन', 'चाइल्ड'चं 'चाइल्डहुड', 'फ्री'चं 'फ्रीडम'. यातले 'हुड' आणि 'डम' हे जुन्या इंग्रजीत स्वतंत्र शब्द होते. 'हुड' म्हणजे दर्जा, स्थिती. 'डम' म्हणजे निवाडा. दुसऱ्यांच्या मागं उभं राहून राहून त्यांची शेपटीच झाली.

लांब, रुंद, खोल, उंच या शब्दांची आपण करतो लांबी, रुंदी, खोली, उंची. चारही शब्दांना एकच 'ई'. इंग्रजीत 'लाँग'चं 'लेंग्थ', 'वाइड'चं 'विड्थ', 'डीप'चं 'डेप्थ'. शेवटी 'थ' लागतो आणि मधला स्वरही बदलतो. पण 'हाय'चं 'हाइट'! तिथं 'थ' नाही, नुसता 'ट'. 'हाइथ' म्हणणारी मोठी माणसंही मी पाहिली आहेत. मीही डी.एड.ला असेपर्यंत त्यांच्यातच होते.

'ईआर' ही शेपटी लावली की काम करणारा माणूस तयार होतो. 'टीच'चा 'टीचर', 'सिंग'चा 'सिंगर'. मग 'कुक' म्हणजे स्वयंपाक करणं, तर स्वयंपाक करणारी? 'माय मदर इज अ गुड कुकर' असं दर वर्षी माझ्या वर्गात कुणीतरी लिहितंच. अरे, आईच्या तीन शिट्ट्या झाल्या का? कुकर हे भांडं. माणूस 'कुक'च. म्हणजे हाही जुळा शब्द, नाम आणि क्रियापद दोन्ही.

एकाच शब्दापासून केवढं मोठं घराणं तयार होतं ते एकदा बघून ठेवा. 'केअर' म्हणजे काळजी. 'केअरफुल', काळजी घेणारा. 'केअरफुली', काळजीपूर्वक. 'केअरलेस', निष्काळजी. आणि सगळ्यात लांबलचक, 'केअरलेसनेस', म्हणजे निष्काळजीपणा. शब्द सुटा करून बघा. 'केअर' म्हणजे काळजी, 'लेस' म्हणजे निष्, 'नेस' म्हणजे पणा. तिन्ही तुकडे तंतोतंत जुळतात. फक्त आपण 'निष्' पुढं लावतो आणि इंग्रज 'लेस' मागं लावतो. वाक्यात रिकामी जागा असेल तर यातला कुठला बसवायचा? परत तेच, जागा बघायची. 'हिज ... कॉस्ट अस द मॅच.' 'हिज'च्या मागं नाम हवं, आणि सामना हातचा घालवणारं हवं. 'केअरलेसनेस'. 'शी रोट ...', तिनं कसं लिहिलं? 'केअरफुली'.

आता तुमच्या आई-बाबांशी थोडं बोलू द्या. पालकहो, चाचणीचा पेपर घरी सहीसाठी येतो. लाल फुली दिसली की आपला पहिला प्रश्न असतो, "हे का चुकलं?" त्याऐवजी एकदा, "तू हे उत्तर कशावरून लिहिलंस?" असं विचारून बघा. इंग्रजी येत नसलं तरी चालेल. त्या मुलीच्या घरी इंग्रजी कुणालाच येत नाही. पण मराठीतला 'खेळ' सगळ्यांना येतो. तिचं म्हणणं ऐकलं असतं तर ते त्यांना पटलं असतं आणि त्यांनी तिला माझ्याकडे परत पाठवलं असतं. ऐकायचं मीच टाळलं, त्यामुळं त्यांना दोष देत नाही. आणि फुली चुकीची वाटली तर मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन विचारा. रात्री चाळीस पेपर तपासणाऱ्या बाईंच्या हातून चूक होऊ शकते.

चला मुलांनो, आता वही काढा. खालचा उतारा वहीत उतरवा आणि नामांखाली रेघ मारा. 'अवर वॉक टू स्कूल इज शॉर्ट. वुई वॉक फास्ट. माय ब्रदर हॅज अ लाउड लाफ. आय लाफ विथ हिम. ही प्रॉमिस्ड मी अ राइड ऑन हिज बायसिकल, बट ही ब्रोक द प्रॉमिस.' 'वॉक', 'लाफ' आणि 'प्रॉमिस' दोन-दोनदा आले आहेत, जपून! त्यानंतर काइंड, मूव्ह, फ्रेंड, वॉर्म आणि वाइज या शब्दांची शेपटी लावून नामं करा. शेवटच्या शब्दाची शेपटी वर येऊन गेली आहे, शोधा. उत्तरं पुढच्या अंकात देईन.

जाता जाता त्या मुलीचं सांगते. फुलीनंतर आठ-दहा दिवस तिनं इंग्रजीच्या तासाला हात वर केला नव्हता. मी विचारलं तर उत्तर द्यायची, पण आपणहून नाही. मग ज्या दिवशी मी 'माय' आणि 'कॅन'ची ही कसोटी फळ्यावर लिहिली, त्या दिवशी मागच्या बाकावरून हात वर आला.

"बाई, 'कॅन'च्या आधी पण 'माय' लागतं."

"कसं काय गं?"

"आमच्याकडे दोन आहेत ना, बाई. डेअरीवर दूध घालायचे."